पॅनिक आणि पीटीएसडीसाठी घरचाच लॅब्राडोर: आधी काम ठरवा, मग कुत्रा

प्रश्न थोडक्यात असा. थोरल्या बहिणीला (वय 34) दोन वर्षांपूर्वीच्या रस्त्यावरच्या अपघातानंतर पीटीएसडी (मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मानसिक आजार) आहे. गर्दीत पॅनिक अटॅक येतो, रात्री दुःस्वप्नं पडून ओरडत उठते, बेचैन झाली की नखांनी मनगट ओरबाडते. औषधं आणि थेरपी चालू आहे. घरात दोन वर्षांचा लॅब्राडोर आहे, तो सतत तिच्याच पायाशी असतो. त्याला 'सर्व्हिस डॉग' करता येईल का? आणि इंटरनेटवर जॅकेट, ओळखपत्र, सर्टिफिकेट असा संच मिळतो, तो घेतला तर कुत्र्याला मॉलमध्ये, रेल्वेत, विमानात नेता येईल का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, म्हणजे निदान ते पैसे वाचतील. तो संच घेऊ नका. भारतात अशी सरकारी नोंदणी नाही, आणि ज्या अमेरिकेच्या नावावर हे संच खपतात तिथेही नाही. तिथल्या अपंग हक्क कायद्याचे (एडीए) 15 मार्च 2011 पासून लागू झालेले नियम सांगतात की अपंगत्वाशी जोडलेलं एखादं ठरावीक काम शिकवलेला कुत्रा म्हणजे सर्व्हिस डॉग. अपंगत्व मानसिक आजाराचं असलं तरी चालतं. काम उघड दिसत नसेल तर दुकानदाराला दोनच प्रश्न विचारता येतात: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय? कागद मागता येत नाही. म्हणूनच कागद विकणाऱ्यांचं फावलं. ज्याचं बक्षीस म्हणून ओळखपत्र मिळावं असं काही कुत्रा शिकलेलाच नसतो.

दुकानदाराच्या त्या दुसऱ्या प्रश्नातच सगळा विषय आहे. पायाशी बसून धीर देणारा कुत्रा म्हणजे भावनिक आधाराचा कुत्रा. रुग्णालयात, शाळेत मालकाबरोबर जाऊन इतरांना भेटणारा म्हणजे थेरपी डॉग. मुंबई-पुण्यात ॲनिमल एंजल्स फाउंडेशन करते ते काम या प्रकारातलं. आणि ताईंना अटॅक आला की सांगितल्यावर किंवा स्वतःहून ठरलेली कृती करणारा तो सहाय्यक कुत्रा, म्हणजेच सर्व्हिस डॉग. तुमचा लॅब्राडोर आज पहिल्या प्रकारात आहे. त्यात कमीपणा काही नाही, पण तिथून तिसऱ्या प्रकारात जायला जॅकेट नव्हे, साधारण वर्षभराची शिकवणी लागते. आंतरराष्ट्रीय संस्थांमध्ये मानला जाणारा किमान आकडा सहा महिन्यांत 120 तासांचा आहे, त्यातले 30 तास घराबाहेर. रोज 40 मिनिटं धरली तर 180 दिवस होतात. रोज 20 मिनिटंच जमत असतील तर 360. घरचा, पहिल्यांदाच शिकवणारा माणूस असेल तर दुसरा हिशेब धरा.

कायद्याचं इथलं चित्र

अपंग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये 21 प्रकारच्या अपंगत्वांत मानसिक आजार आहे. प्रमाणपत्रासाठी मोजमाप 'आयडियाज' या मापनपट्टीने होतं: स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, संवाद आणि समज, काम. 40 टक्के किंवा जास्त आलं तर बहुतेक सवलतींचा दरवाजा उघडतो. पण या कायद्यात सहाय्यक कुत्र्याला सार्वजनिक ठिकाणी प्रवेश देण्याचं स्वतंत्र कलम नाही. मॉल, हॉटेल, सिनेमागृह यांच्या व्यवस्थापनाने 'हो' म्हटलं तर हो. ताई सरकारी नोकरीत असतील तर कलम 20 खाली वाजवी सोयीसाठी अर्ज करता येतो. त्या अर्जात 'कुत्र्यामुळे बरं वाटतं' असं लिहू नका, 'अटॅकच्या वेळी तो अमुक कृती करतो, त्यामुळे मी इतक्या मिनिटांत पुन्हा कामाला बसू शकते' असं लिहा आणि मनोविकारतज्ज्ञांचं पत्र जोडा.

सोसायटीचा मुद्दा वेगळा आहे आणि तिथे तुमची बाजू भक्कम आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही बंद करता येत नाही. महापालिकेचा कुत्रा परवाना आणि रेबीजच्या वार्षिक लसीची नोंद मात्र हाताशी ठेवा. वाद निघाला की पहिली मागणी याच दोन कागदांची होते.

रेल्वेत कुत्रा प्रवाशाबरोबर न्यायचा तर फक्त एसी फर्स्टमध्ये, तेही दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन संपूर्ण तुमच्याच नावे असेल तरच, आणि पार्सल ऑफिसात बुकिंग करून. टू-टियर, थ्री-टियर, चेअर कार, स्लीपरमध्ये परवानगी नाही. दुसरा पर्याय गार्डच्या डब्यातली कुत्र्याची पेटी; लॅब्राडोरला उन्हाळ्यात त्यात घालू नका. विमानाचं कंपनीगणिक वेगळं असतं, म्हणून तिकीट काढण्याआधी ई-मेलवर विचारा आणि उत्तर छापून जवळ ठेवा.

नातेवाईक परदेशात असतील म्हणून तिकडचंही थोडं. अमेरिकेत 11 जानेवारी 2021 पासून विमान कंपन्यांना मानसिक आजारासाठी शिकवलेला कुत्रा इतर सर्व्हिस डॉगसारखाच मानावा लागतो, भावनिक आधाराचा कुत्रा मात्र मानावा लागत नाही. वाहतूक खात्याचा फॉर्म विमान कंपनी भरून मागू शकते. भारतातून कुत्रा तिकडे न्यायचा तर आपला देश रेबीजच्या जास्त धोक्याच्या यादीत आहे. ऑगस्ट 2024 पासूनच्या नियमांनी कुत्रा किमान सहा महिन्यांचा आणि मायक्रोचिप लावलेला हवा. रक्तातील प्रतिपिंडांच्या चाचणीशिवाय गेलात तर 28 दिवसांचं विलगीकरण. ब्रिटनसाठी लसीनंतर 30 दिवसांनी रक्तचाचणी आणि नमुना घेतल्यापासून तीन महिने थांबणं.

आधी दोन आठवड्यांची वही

शिकवणीच्या आधी ताईंनी, किंवा त्यांच्या वतीने घरातल्या एकाने, 14 दिवस वही लिहावी. प्रत्येक प्रसंगाला पाच रकाने: वेळ, जागा, सगळ्यात आधी शरीरात काय दिसलं, किती मिनिटं चाललं, त्या वेळी कशाने उतरलं. तिसरा रकाना सगळ्यात मोलाचा. 'घाबरली' हे कुत्र्याला शिकवता येत नाही. 'उजवा पाय भरभर हलायला लागला', 'नख मनगटावर गेलं', 'श्वास तोंडाने सुरू झाला' हे शिकवता येतं, कारण ते बाहेरून दिसतं आणि मुद्दाम करून दाखवता येतं.

तुमच्या वर्णनावरून तीन कामं दिसतात: ओरबाडणं तोडणं (म्हणजे मधेच थांबवणं), अटॅकमध्ये मांडीवर वजन देणं, दुःस्वप्नातून उठवणं. चौथं काम गोळ्यांचा डबा आणून देणं. ते सोपं आणि उपयोगी आहे. याहून जास्त यादी पहिल्या वर्षी करू नका. दहा कामं अर्धवट येणारा कुत्रा ऐन वेळी गोंधळतो आणि सवयीचं म्हणून शेकहँड करतो.

'वास घेऊन अटॅक आधीच सांगेल' असं आश्वासन देणारा ट्रेनर भेटला तर जपून. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात 2022 मध्ये झालेल्या प्रयोगात चार कुत्र्यांनी 36 माणसांचे घाम-श्वासाचे नमुने हुंगून ताणाच्या आधीचा आणि ताणाच्या वेळचा नमुना 93.75 टक्के वेळा बरोबर वेगळा केला. निकाल छान आहे, पण तो प्रयोगशाळेतला, समोर ठेवलेल्या नमुन्यांचा, आणि ताण आलेला असतानाचा. भविष्य सांगण्याचा नव्हे. बरेच कुत्रे पुढे स्वतःहून आधी येऊ लागतात हे खरं, पण ते पाय हलणं, श्वास बदलणं अशा खुणा वाचून. ती वरकमाई समजा, पगार नव्हे.

हा कुत्रा चालेल का

ताईंच्या पायाशी असतो एवढ्यावर निर्णय नको. चिकटून राहणारा कुत्रा कधी कधी स्वतःच चिंताग्रस्त असतो. ताई बाथरूमला गेल्या की दार खरवडत असेल तर तो मदतनीस नव्हे, दुसरा रुग्ण. खास या कामासाठी पैदास केलेल्या पिल्लांतलीही साधारण निम्मी शेवटी गळतात, हे लक्षात ठेवून घरच्या घरी पाच गोष्टी पाहा.

त्याच्यापासून दोन मीटरवर स्टीलचं ताट फरशीवर पाडा. दचकला तरी चालेल, पण दहा सेकंदांत पुन्हा हुंगायला यायला हवा. पंजे, कान, शेपूट, तोंड हाताळू देतो का? अनोळखी माणूस दुर्लक्ष करून जवळून गेला तर उडी मारतो का? दहा मीटरवर दुसरा कुत्रा असताना तुमच्या हातातला खाऊ घेतो का? आणि एकटा तासभर शांत बसतो का? उडी मारणं शिकवणीने जातं. ताटाच्या आवाजानंतर कोपऱ्यात लपून बसणं आणि दुसऱ्या कुत्र्यावर धावून जाणं ही दोन लक्षणं दोन वर्षांच्या वयात फारशी बदलत नाहीत. अशा कुत्र्याला घरातलीच कामं शिकवा, बाहेर नेऊ नका.

लॅब्राडोर आहे म्हणून पशुवैद्याकडून खुबा आणि कोपराचा एक्स-रे काढून घ्या. सांध्यात दोष असेल तर सोफ्यावर चढ-उतार करणारं काम त्याला दुखवेल, मग तो ते टाळेल, आणि तुम्हाला वाटेल हट्टी आहे.

शिकवणी: पाया

घरात आधी एक नियम पक्का हवा: जेवताना ताटाखालून पोळीचा तुकडा टाकायचा नाही. हा नियम मोडणारी व्यक्ती सहसा आजोबा असतात आणि त्यांना समजावणं कुत्र्याला शिकवण्यापेक्षा अवघड असतं. पण जमिनीवरचं अन्न सोडता न येणारा कुत्रा गोळी पडली तरी उचलणार.

पायाभूत शब्द सहा: सिट, डाऊन, स्टे, लीव्ह इट (ते सोड), प्लेस (स्वतःच्या चटईवर जाणं) आणि काम संपल्याचा शब्द, समजा 'बस झालं'. मराठी शब्द वापरले तरी काही बिघडत नाही, मात्र घरातल्या सगळ्यांनी तेच वापरावेत. क्लिकर (दाबला की टक् वाजणारं छोटं खेळणं) किंवा 'यस' असा एकच आवाज बरोबर कृतीच्या क्षणी, आणि मग खाऊ: उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा वाटाण्याएवढा तुकडा. हा खाऊ दिवसाच्या जेवणातून वजा करा. लॅब्राडोरला वजन वाढायला निमित्त पुरतं. एक बैठक तीन ते पाच मिनिटांची, दिवसातून चार-पाच. दहापैकी आठ वेळा बरोबर आलं की पुढची पायरी, पाचच आलं तर मागची.

मांडीवर वजन

अटॅकमध्ये सगळ्यात उपयोगी ठरणारं काम हेच. 30 किलोचा कुत्रा छातीवर घेऊ नका. श्वास आधीच कोंडल्यासारखा वाटत असतो, त्यात भर पडते. पुढचा अर्धा भाग मांड्यांवर आडवा पुरेसा होतो.

ताई सोफ्यावर, पाय जमिनीला टेकून. खाऊ मांडीच्या पलीकडे धरून कुत्र्याचे पुढचे पंजे मांडीवर येऊ द्या, 'यस', खाऊ. पंजे सहज यायला लागले की कोपरं टेकेपर्यंत वाट पाहा, मग हनुवटी टेकेपर्यंत. हनुवटी टेकली म्हणजे कुत्रा सैल झाला. पंजे ताठ ठेवून उभा असेल तर तो वजन देत नाही, वाट पाहतोय. आता वेळ वाढवा: 5 सेकंद, 10, 20, 40. एका मिनिटापर्यंत खाऊ तीन-चार वेळा मांडीवरच द्या, नंतर विरळ करा. उद्दिष्ट 10 ते 15 मिनिटांचं, कारण पॅनिकची लाट साधारण काही मिनिटांत शिखरावर जाते आणि मग ओसरते. तेवढा वेळ तो टिकला पाहिजे. कुत्रा उठतो तो फक्त 'बस झालं' म्हटल्यावर.

शब्द शेवटी जोडायचा: कृती पक्की झाल्यावर 'मांडी' म्हणा, एक सेकंद थांबा, मग तीच कृती. त्यानंतर शब्दाची जागा खुणेने घ्यायची, कारण अटॅकमध्ये ताईंना बोलता येईलच असं नाही. दोन्ही तळहात मांडीवर दोनदा थोपटणं ही खूण सोपी. मग खुर्ची, पलंग, जमीन, बागेतला बाक, गाडीची मागची सीट अशा किमान पाच जागी तेच शून्यापासून. कुत्र्याला सोफ्यावर येतं म्हणजे बाकावर येतं असं नसतं. 'घरी तर करतो' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा इतकंच असतं.

सराव फक्त ताई शांत असताना झाला तर पहिल्या खऱ्या अटॅकला कुत्रा बिचकतो: आवाज वेगळा, वास वेगळा, हात थरथरणारे. म्हणून शेवटच्या टप्प्यात ताईंनी जोरात श्वास घेण्याचं, हुंदक्याचं नाटक करावं, आधी हलकं, मग खऱ्यासारखं. जोरात श्वास घेण्याने खराच अटॅक येण्याची भीती असेल तर हे नाटक दुसऱ्या कोणी करावं आणि ताईंच्या थेरपिस्टला विचारूनच पुढे जावं.

ओरबाडणं तोडणं

आधी नाकाने हात ढकलणं शिकवा: तळहातावर चिकट टेपचा तुकडा लावा, नाक लागलं की 'यस'. दोन-तीन दिवसांत तो टेप दिसला की ढकलतो. मग टेप मनगटावर, ताईंचा दुसरा हात जवळ. मग दुसऱ्या हाताची बोटं मनगटावर फिरवली की खाऊ फक्त नाक मधे घातल्यावर. टेप रोज थोडी लहान करत शेवटी काढून टाका. बोटांची हालचाल हीच आता खूण झाली.

इथे एक चूक हमखास होते. ताईंनी रागाने किंवा लाजेने त्याला दूर लोटलं, दोन-तीनदा असं झालं, की कुत्रा ते काम सोडतो. म्हणून उत्तर ठरवून ठेवा: नाक लागलं की दोन्ही हात त्याच्या मानेवर, आणि खाऊची छोटी पिशवी कमरेला किंवा उशाशी कायम. दुसरी चूक उलटी: लक्ष वेधायचं असलं की कुत्रा उगीच हात ढकलू लागतो. बोटं मनगटावर नसताना ढकललं तर काहीच द्यायचं नाही, रागावायचंही नाही.

रात्रीचं काम

दुःस्वप्नात माणूस हातपाय झाडतो आणि कोण उठवतंय हे कळण्याआधी फटका बसू शकतो. म्हणून कुत्रा चेहऱ्याशी नको. पायांच्या बाजूने येऊन पांघरुणावरून पाऊल किंवा पिंढरी नाकाने ढकलणं, मग मागे सरून उभं राहणं असा क्रम ठेवा. त्याआधी दिवा लागला तर आणखी चांगलं. पायाने दाबायचा मोठा बटणाचा दिवा जमिनीवर ठेवून पंजाने दाबायला शिकवता येतो.

खूण म्हणून ताईंच्या झोपेतल्या ओरडण्याचा आवाज मोबाइलवर टिपून घ्या, तोही ताईंच्या संमतीने. रेकॉर्डिंग अगदी हळू लावा, पाय ढकलण्याचा इशारा द्या, खाऊ. आठवड्याभरात आवाज वाढवा, इशारा कमी करा. पुढे हा सराव रात्री अंधारात, कुत्रा झोपलेला असताना. भरल्या दिवसा शिकलेला कुत्रा रात्री दोन वाजता उठेलच असं नाही. ताई रात्री झोपेची किंवा गुंगी आणणारी गोळी घेत असतील तर एका ढकलण्याने जाग येणार नाही. तीन वेळा ढकलूनही उठल्या नाहीत तर दुसऱ्या खोलीतल्या माणसाकडे जाऊन त्याला उठवणं हे पुढचं पाऊल जोडा. आणि हे काम असलेल्या रात्री कुत्र्याचीही झोपमोड होते, दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला कोणी हात लावू नये.

गोळ्यांचा डबा

गजर वाजला की डबा आणायचा. गोळ्यांची पाकिटं कधीच कुत्र्याच्या तोंडात द्यायची नाहीत. नैराश्यावरच्या आणि झोपेच्या बऱ्याच गोळ्या कुत्र्याला विषारी ठरतात आणि ॲल्युमिनियमचं पाकीट दातांनी सहज फुटतं. झाकण पिळून लावायचा टणक डबा कापडी पिशवीत, पिशवीला दोरीची मूठ, आणि डब्यात फक्त एका वेळची मात्रा. बाकीचा साठा कपाटात, वर. चुकून गोळी खाल्ली तर उलटी करवण्याचे घरगुती उपाय न करता पाकीट घेऊन थेट पशुवैद्याकडे.

थेरपिस्टला यात घ्या

हा भाग सगळ्यात जास्त वगळला जातो, म्हणून जरा थांबतो. अपघातानंतरच्या पीटीएसडीत थेरपीचं मोठं काम टाळाटाळ कमी करण्याचं असतं: तो रस्ता, तो सिग्नल, ती गर्दी पुन्हा हळूहळू सहन करायची. कुत्रा सोबत असेल तरच बाहेर पडायचं अशी सवय लागली तर तो टाळाटाळीचाच नवा प्रकार होतो. परदेशात पीटीएसडी असलेल्या माजी सैनिकांच्या कुत्र्यांना 'पाठीमागे उभं राहून पहारा दे', 'खोलीत आधी जाऊन तपासून ये' अशी कामं शिकवली जातात. माझ्या मते ती बहुतेकांना शिकवू नयेत. कुत्रा प्रत्येक वेळी खोली तपासतो तेव्हा मन शिकतं की तपासण्यासारखं काहीतरी होतं.

व्यवहारात थेरपिस्टबरोबर एक तक्ता करा: कोणत्या पायऱ्या कुत्र्यासह, कोणत्या त्याच्याशिवाय. उदाहरणार्थ, पहिले दोन आठवडे सिग्नलपर्यंत कुत्र्यासह, तिसऱ्यापासून एक दिवसाआड त्याच्याशिवाय. कुत्र्यासह जमणाऱ्या गोष्टी वाढल्या आणि त्याच्याशिवायच्या आकसल्या, तर थांबून तक्ता बदला.

उपयोग होतो का, याचं आजवरचं चांगलं उत्तर अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या अभ्यासांतून आलंय. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 156 जण होते. कुत्रा मिळालेल्या गटात तीन महिन्यांनी पीटीएसडीचं निदान कायम राहण्याची शक्यता प्रतीक्षायादीतल्या गटापेक्षा बरीच कमी निघाली. पण गट चिठ्ठ्या टाकून केलेले नव्हते, दोन्हींचे नेहमीचे उपचार चालू होते, आणि कुत्रे संस्थेने घडवून दिलेले होते. म्हणजे कुत्रा औषध-थेरपीच्या सोबतीला, त्यांच्या जागी नाही.

काही वेळा सुरुवातच करू नये. तीव्र मॅनिया (अति उत्तेजित मनःस्थिती) किंवा सायकोसिस (भास-भ्रम) चालू असताना नको. घरात कोणी कुत्र्याला मारत असेल तर नको. ओसीडीत (तेच विचार आणि कृती पुन्हा पुन्हा होण्याच्या आजारात) स्वच्छतेचे विचार असतील तर पंजे धुण्याचं नवं चक्र सुरू होऊ शकतं, तिथे आधी डॉक्टरांशी बोला. आणि जीव द्यायचे विचार येत असतील तर कुत्र्यावर भिस्त ठेवू नका: डॉक्टर, घरचं माणूस आणि टेलि-मानस 14416 ही तिन्ही नावं फ्रिजवर लावून ठेवा.

घराबाहेर

मांडीचं काम घरात आणि बागेत पक्कं झाल्यावरच बाहेर. आपल्याकडे पहिली अडचण भटक्या कुत्र्यांची. टोळी अंगावर आली की तुमचा कुत्रा घाबरतो, ताई घाबरतात, आणि दोघांची महिन्याभराची कमाई पाच मिनिटांत जाते. ठरलेल्या एक-दोन वाटाच वापरा, कुठे किती कुत्री असतात ते आधी एकटे जाऊन पाहा, पहिले दोन महिने तिसरा माणूस बरोबर ठेवा. छातीवरचा हार्नेस आणि दीड मीटरचा साधा पट्टा. ओढून लांब होणारा पट्टा गर्दीत धोक्याचा. काटेरी किंवा विजेचा पट्टा सुचवणारा ट्रेनर असेल तर दुसरा शोधा. भीतीने शिकलेला कुत्रा ताईंच्या थरथरत्या हाताला शिक्षेची चाहूल समजतो.

दुसरी अडचण ऊन. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवता आली नाही तर कुत्र्याचे पंजे भाजतील. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर. जीभ गडद लाल, लाळ घट्ट, चाल डगमगती झाली तर सावलीत नेऊन साधं पाणी अंगावर ओता, पंखा लावा आणि दवाखाना गाठा. ऊन ताईंनाही लागू आहे: लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध) चालू असेल तर घाम जाऊन शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातली लिथियमची पातळी चढते. कुत्र्यामुळे अचानक रोज तासभर चालणं सुरू करणार असाल तर ते डॉक्टरांना सांगा.

पावसाळ्यात गोचीड. गोचिडीचा ताप आपल्याकडे नेहमीचा आहे. महिन्याचं औषध चुकवू नका आणि काम करता करता कुत्रा अचानक मलूल झाला तर शिकवणीत दोष शोधण्याआधी रक्त तपासा. गणपतीतले ढोल-ताशे आणि दिवाळीतले फटाके यांची तयारी दोन महिने आधी, रेकॉर्डिंग अगदी हळू आवाजात लावून, खाऊसोबत. तरी विसर्जनाच्या दिवशी कुत्र्याला सुट्टी. त्या संध्याकाळी ताईंसाठी माणूस नेमा.

बाहेर नेण्याजोगा झाला हे कसं ओळखायचं? हॉटेलच्या टेबलाखाली 45 मिनिटं न उठता, शेजारी पडलेला वडापाव न हुंगता, लिफ्टमध्ये कोपऱ्यात, शी-शू फक्त सांगितल्यावर. लागोपाठ पाच वेगळ्या ठिकाणी हे जमलं तर तयार. भुंकून लक्ष मागत असेल तर नाही, मग जॅकेटवर काहीही लिहिलेलं असो.

आणि कुत्र्याकडेही पाहा. ताईंना अटॅक आला की तो जांभया देत असेल, ओठ चाटत असेल, मान वळवून दाराकडे जात असेल, हवा असलेला खाऊ नाकारत असेल, तर त्याला हे झेपत नाहीये. ते काम तिथेच थांबवा, जबरदस्तीने मांडीवर आणू नका. गोळ्यांचा डबा आणणारा आणि बाकी वेळ पायाशी झोपणारा कुत्रा म्हणून तो राहिला तरी चालतं. दिवसाचे 14-16 तास विश्रांती, बाहेरचं काम एका दिवशी तीन तासांच्या आत, आणि हार्नेस काढला की ड्यूटी संपली हे घरातल्या लहानांनाही माहीत हवं.

साधारण दहाव्या वर्षी तो निवृत्त होईल, म्हणजे तुमच्या हातात आठ वर्षं आहेत. त्यातलं एक शिकवणीत जाईल. वही उद्या सुरू करा, एक्स-रेची वेळ याच आठवड्यात घ्या, आणि 14 दिवसांनी वही घेऊन आधी थेरपिस्टकडे जा, ट्रेनरकडे त्यानंतर.